मागच्या सीटवरून

(द्वितीय वर्ष, कला)

मोटारगाडीविषयी लिहिण्याचा अधिकार कोणाला, असा प्रश्न या लेखाचा विषय ऐकून आमच्या वर्गातील एका मित्राने विचारला. त्याच्या मते हा अधिकार गाडी चालवणाऱ्याचा. गाडी किती पळते, लिटरला किती देते, घाटात दम टाकते की नाही, हे त्यालाच ठाऊक असते, आणि तू तर मागे बसणारी! वाचकहो, माझे मत याच्या नेमके उलट आहे. चालवणाऱ्याला गाडीचा पुढचा अर्धा भाग ठाऊक असतो. घरातली म्हातारी माणसे, गाठोडी, पाण्याची कॅन, डबे, आजारपण आणि लग्नाचा आहेर या सगळ्यांसह जी माणसे मागे बसतात, त्यांना उरलेला अर्धा. आजवर गाडीचे कौतुक वा निंदा मी ऐकली ती पुढच्याच सीटवरून. म्हणून हा लेख मागच्या सीटवरून.

आमची गाडी 'इस्टेट' जातीची आहे. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. ज्यांना ही जात ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नेहमीच्या लांब मोटारीला मागे डिकीची पेटी असते, तिचे झाकण वेगळे, ती बसण्याच्या जागेपासून तुटलेली. इस्टेट गाडीत छत सरळ मागेपर्यंत जाते आणि शेवटी एक उभे दार असते. मागची सीट पाडली की पुढच्या सीटपासून त्या दारापर्यंत एकच सपाट ओटा तयार होतो. इंग्रज तिला इस्टेट म्हणतात, अमेरिकन माणूस स्टेशन वॅगन म्हणतो, कारण रेल्वे स्टेशनावरून पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका आणण्यासाठी अशी वाहने वापरली जात. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९५३ साली अशीच एक गाडी काढली आणि तिचे नाव ठेवले 'ड्युएट'. एकाच गाडीत दोन गाड्या, एक कामाची आणि एक सुट्टीची, अशी त्यामागची कल्पना. ग्रंथालयातल्या एका जुन्या मासिकात हे वाचले तेव्हा मला गंमत वाटली. स्वीडनचा दुकानदार आणि आमचे आण्णा यांची गरज तर एकच निघाली!

आण्णा आठवडी बाजारात कापड विकतात. आठवड्याला चार बाजार. सोलापूरहून चादरी आणि टॉवेल, इचलकरंजीहून कापड, आणि मुलांचे तयार कपडे. पूर्वी हा सगळा माल एस.टी.च्या टपावर किंवा वडापच्या जीपमध्ये जाई. वडापवाला माणसामागे आणि गाठोड्यामागे वेगवेगळे पैसे घेई, आणि जागा कमी पडली की प्रथम गाठोडे उतरवी. टेम्पो घ्यावा तर घरच्यांना लग्नकार्याला नेता येत नाही, मोटार घ्यावी तर माल मावत नाही. अशा अडचणीत २०१६ साली, मी चौथीत असताना, तालुक्याच्या एका डॉक्टरांची ही जुनी डिझेल गाडी पंच्याऐंशी हजारांना मिळाली. त्याच वर्षाची, त्याच कंपनीची डिकीवाली गाडी तीस हजारांनी महाग होती. यंत्र तेच, चाके तीच. स्वस्त होती ती केवळ कोणाला नको होती म्हणून.

सकाळी सहाला गाडी भरायची हे आमच्या घरातले पहिले काम. त्याचे शास्त्र आईने बसवले आहे. तळाला लोखंडी घोडे आणि बांबू, त्यावर ताडपत्री, मग चादरींची जड गाठोडी पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून, आणि हलके तयार कपडे सर्वांत वर. जड माल मागच्या दाराशी ठेवला तर गाडी मागून बसते, नाक वर होते, आणि रात्री दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हे आण्णांना चालवताना कळले नाही, समोरून शिव्या आल्यावर कळले. माल भरलेला असेल तर मागच्या टायरांत हवाही जास्त लागते. ती किती, हे दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर छापलेले असते. तीन वर्षे ती पट्टी कोणी वाचली नव्हती. घरात इंग्रजी वाचणारी मीच, आणि मी तेव्हा सातवीत. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग!

बाजारात गेल्यावर गाडी उलटी लावायची आणि मागचे दार वर करायचे, की झाले दुकान. दार म्हणजे छप्पर, ओटा म्हणजे फळी. वळवाची सर आली तरी माल भिजत नाही. शेजारचे दुकानदार ताडपत्री ओढेपर्यंत आमची विक्री चालू असते. त्या दाराला वर धरून ठेवणारे जे दोन वायूचे दांडे असतात ते निकामी होऊन चार वर्षे झाली. नवे महाग म्हणून आण्णांनी बाभळीची एक काठी तासून घेतली आहे. ती काठी हरवली की गाडीची किल्ली हरवल्यासारखा गोंधळ उडतो.

दोष नाहीत असे नाही, आणि ते लपवणे मला मान्य नाही. अशा गाडीची पाठ सपाट असल्यामुळे चालताना तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि रस्त्याची धूळ त्या पोकळीत ओढली जाऊन मागच्या काचेवर बसते. म्हणूनच अशा गाड्यांच्या मागच्या काचेलाही वायपर देतात, डिकीवाल्या गाडीला तो बहुधा लागत नाही. आमचा वायपर बंद आहे. त्यामुळे कच्च्या रस्त्याने पाच मैल गेले की आण्णांना मागचे काही दिसत नाही, आणि मागे बसलेल्या आजीला ओरडून सांगावे लागते. त्याच पोकळीमुळे आणखी एक धोका असतो, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. माल बाहेर येतो म्हणून मागचे दार अर्धवट उघडे ठेवून, दोरीने बांधून गाडी हाकली, तर धुराड्याचा धूर उलटा आत ओढला जातो. त्या धुरातला विषारी वायू नाकाला कळतही नाही. आमच्या भागात अशी दोरीने बांधलेली दारे मी दर बाजारी पाहते. सायन्सच्या मित्रांनी यावर दोन शब्द लिहावेत.

माझ्या मते सर्वांत मोठा दोष मात्र पेटी नसणे हा. माल आणि माणूस एकाच खोलीत. डिकीवाल्या गाडीत सामान भिंतीपलीकडे असते. आमच्या गाडीत अचानक ब्रेक दाबला की गाठोडे थेट मानेवर येते. परदेशातील कित्येक इस्टेट गाड्यांत मध्ये ताणून बांधायची जाळी देतात. आमच्याकडे आईने जुन्या नवारीची पट्टी विणून बांधली आहे. तीही चांगली टिकली आहे.

ही जात आमच्या देशात का टिकली नाही याचा थोडा शोध मी घेतला. प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. अँबॅसडरची इस्टेट आवृत्ती निघाली होती. पण अशा लांब पाठीच्या अँबॅसडर लोकांच्या लक्षात राहिल्या त्या रुग्णवाहिका म्हणून. पुण्यात टाटांनी १९९१ साली 'सिएरा' आणि १९९२ साली 'इस्टेट' याच नावाची गाडी काढली. त्या काळात काचा वरखाली करण्याची विजेची बटणे तिच्यात होती, म्हणजे ती काही गरिबाची गाडी नव्हती. मग १९९४ साली सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातली अक्षरे घेऊन ठेवलेले ते नाव गावोगाव पोहोचले आणि इस्टेट मागे पडली. कारण उघड आहे. सुमोत दहा माणसे कोंबता येत. २००४ साली 'इंडिगो मरीना' आली, त्याच्या मागेपुढे मारुतीची 'बलेनो अल्टुरा' आणि स्कोडाची 'ऑक्टेव्हिया कॉम्बी' येऊन गेल्या. एकीलाही मोठे गिऱ्हाईक मिळाले नाही.

त्यात सरकारी कराने भर घातली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की कारखान्यांनी गाड्यांच्या शेपट्या कापल्या. २००८ ची 'इंडिगो सी.एस.' हे त्याचे ठळक उदाहरण. मूळ गाडी तीच, मागून आखूड केलेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के झाले, तरी चार मीटरची रेघ जागच्या जागीच राहिली. आता इस्टेट गाडीचे सारे सार तिच्या शेपटीत असते. शेपटी कापायची आणि इस्टेट ठेवायची, हे कसे जमावे? हत्तीला दारातून आत घ्यायचे म्हणून सोंड काढून टाकण्यासारखे ते झाले. ज्या कुटुंबाला खरोखर लांब गाडी हवी त्याने २०१२ नंतर 'अर्टिगा'सारखी तीन ओळींची गाडी घेतली. ती सोयीची आहे हे खरे. पण सातही माणसे बसली की मागे एक ट्रंकही धड मावत नाही.

कर हे अर्धे कारण. उरलेले अर्धे आपल्या मनात आहे, आणि त्यासाठीच हा लेखप्रपंच. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे वा होती अशा तिघांना मी भेटले. पहिले आम्हाला गाडी विकणारे डॉक्टर. ते म्हणाले, "गाडी उत्तम होती, पण दवाखान्यापुढे उभी केली की पेशंटना वाटे आतून कोणाला तरी स्ट्रेचरवर काढणार." दुसरे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी आपली इस्टेट वीस वर्षे वापरली. मुलीचे बाळंतपण, पुस्तकांची कपाटे, आंब्याच्या पेट्या, सगळे तिच्यातून गेले. गाडीविषयी ते बोलू लागले की तासभर थांबत नाहीत. पण त्यांच्या मुलाने पहिल्या पगारात ठरवले, डिकीवालीच घ्यायची. तिसरा एक मंडपवाला. त्याचे उत्तर सर्वांत लहान. "ताई, गाडी कामाची आहे म्हणूनच पोरगी बघायला जाताना ती नेत नाही."

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी कामाची असणे हाच तिचा कमीपणा! अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन विचारवंताचे मत सांगितले होते. १८९९ साली त्याने लिहिले की माणूस पुष्कळ वस्तू गरजेसाठी घेत नाही, आपल्याला काम करावे लागत नाही हे दुसऱ्यास दाखवण्यासाठी घेतो. तेव्हा वहीत उतरवून घेतले, आता अर्थ कळला. डिकीवाल्या गाडीची पेटी झाकलेली असते. आत काय आहे ते दिसत नाही, आणि बहुधा काही नसतेच. आमच्या गाडीत काय आहे ते काचेतून गावाला दिसते. चादरी दिसतात, घोडे दिसतात, म्हणजे आम्ही बाजारात बसणारी माणसे हे दिसते. आपल्याच महाविद्यालयाच्या फाटकापाशी आण्णांनी मला सोडले तेव्हा "रुग्णवाहिका आली" असे काही मित्र म्हणाले. विनोद म्हणून मी तो सोडून देते. परंतु म्हणणाऱ्यांपैकी दोघांच्या घरी दुचाकीवरच भाजीच्या पाट्या जातात हे मला ठाऊक आहे. आपण सारी त्याच बाजारातून आलेली मुले. मग कामाच्या वस्तूची लाज आपल्यालाच सर्वांत आधी का वाटावी?

दादालाही ती वाटते. गेल्या दिवाळीपासून त्याचा आग्रह आहे की ही गाडी काढून टाकावी आणि कर्जाने नवी घ्यावी. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते मी नाकारत नाही. नोंदणीची पंधरा वर्षे २०२२ साली संपली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले, त्यावर पर्यावरण कर वेगळा. २०२७ साली पुन्हा तीच वारी. सुटे भाग मिळवायला मिस्त्रीला दोन-दोन शहरे पालथी घालावी लागतात. धूरही पूर्वीपेक्षा काळा येतो. शहरातल्या माणसाने तो का सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. पण दादाने जी गाडी निवडली आहे तिच्यात आमची दोनच गाठोडी बसतील. आठ लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षे: मी आकडेमोड केली तर महिन्याचा हप्ता तेरा हजारांच्या वर जातो, आणि व्याजच जवळजवळ तीन लाख होते. शिवाय मालासाठी भाड्याचा टेम्पो लागणार तो लागणारच. म्हणजे एका गाडीचे काम दोन गाड्या करणार, आणि दोन्हींचा खर्च चादरी विकूनच निघायचा.

आता मागच्या सीटचा खरा मुद्दा. गेल्या श्रावणात आण्णा आणि दादा एस.टी.ने सोलापूरला माल पसंत करायला गेले होते. गाडी दारात उभी होती. रात्री अकराला आजीला दम लागला. रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असे फोनवर कळले. घरात आई, मी आणि आजी, तिघी बायका. दारात गाडी, टाकीत डिझेल, खुंटीला किल्ली, आणि तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती! नऊ वर्षे आम्ही तिच्यात राहिलो म्हटले तरी चालेल. तिचा आवाज कुठे बदलतो ते आईला आण्णांच्या आधी कळते. पण तिच्या पुढच्या सीटवर हात ठेवायचा प्रसंग आमच्यावर कधी आला नव्हता, कोणी आणला नव्हता. गल्लीतल्या एका मुलाला उठवायला आणि तो यायला चाळीस मिनिटे गेली. मधल्या काळात आईने सीट पाडून गादी अंथरली. आजीला उशांवर अर्धवट बसवून, आई तिला धरून, अशी आम्ही गेलो. दुसऱ्या कोणत्याही गाडीत आजी तशी मावली नसती. आजी आज बरी आहे.

अशा रीतीने माणूस नेणे सुरक्षित नव्हे हे मला कळते. मागच्या सीटला पट्टा बांधणे कायद्याने आवश्यक आहे. २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती अंत झाला, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा बांधलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस सगळीकडे मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. आमच्या गाडीचे मागचे पट्टे मालाखाली दबून गेले होते, ते त्या रात्रीनंतर मी उकरून काढले. त्यातला एक चालतो, त्यावर आजीचा हक्क.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. गाडी कोणती घ्यावी हे घराने ठरवावे, आणि घर म्हणजे केवळ परवानाधारक पुरुष नव्हेत. शोरूममधला माणूस दादाशी बोलतो, आण्णांशी बोलतो. आईला तो थंड पेय देतो आणि रंग कोणता आवडेल ते विचारतो. गाडीत काय मावते, म्हातारीला पाय किती उचलावा लागतो, ओझे चढवताना कंबर किती वाकते, हे जिला ठाऊक आहे तिला फक्त रंग विचारायचा! आमच्या प्राध्यापक मंडळींपैकी ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी आज संध्याकाळी घरी जाऊन विचारून पाहावे: मागचे दार शेवटचे कोणी उघडले, आणि त्यात काय ठेवले?

शिकाऊ परवाना मी काढला आहे. आण्णा पहाटे बाजाराच्या रिकाम्या मैदानात शिकवतात. पुढे जाणे जमते, मागे घेणे जमत नाही, कारण गाडीची पाठ लांब आणि काच धुळीने भरलेली. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आईनेही एकदा स्टिअरिंग धरून पाहिले. दोन फेऱ्या मारून खाली उतरली आणि म्हणाली, क्लच पायाला जड आहे, मिस्त्रीला दाखवा. मिस्त्रीने पाहिले तर खरोखरच जड झाला होता. आण्णांना सवयीने ते जाणवत नव्हते.

विक्रीचा निर्णय अजून व्हायचा आहे. दादाने बँकेचे कागद आणून ठेवले आहेत. आईने नाही म्हटलेले नाही, एकच अट घातली आहे: नवी गाडी पाहायला जायचे ते याच गाडीतून, चादरींची पाच गाठोडी बरोबर घेऊन, आणि ती नव्या गाडीत बसतात का ते शोरूमच्या दारातच भरून पाहायचे. दादा अजून त्याला तयार नाही.